आप्पा सुर्व्यांच्या गोष्टीचा शेवट

रेगेसाहेब पडले सारस्वत. सुरमईचं सालन पुढे आल्यावर त्यांनी बोर्ड, निवड समिती, येत्या थंडीत येणारी वेस्ट इंडिजची टीम, सगळं बाजूला ठेवलं आणि आधी पोटभर जेवून घेतलं. राजिवड्याच्या होडेकरांच्या पडवीत चटई अंथरली होती. साहेबांच्या एका अंगाला हारुन, दुसऱ्या अंगाला त्याचा धाकटा भाऊ गुलाम रसूल. गुलाम रसूल तांडेल माणूस, ऐन हंगामात गलबत पूर्णगडच्या खाडीत बांधून घरी येऊन बसला होता. कशासाठी, तर मुंबईहून एवढा मोठा माणूस आपल्या पोराला बघायला येतोय म्हणून.

हो, पोराला. हे आत्ताच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढच्या दोन दिवसांत घरातले सगळेच हे विसरल्यासारखे वागले.

देशाची टीम म्हातारी झाली होती, हे एव्हाना पानवाल्यालासुद्धा कळत होतं. स्लिपमध्ये वाकलेली माणसं गुडघ्यावर हात टेकून उठायची, आणि फास्ट बोलर म्हणून ज्याच्या हाती चेंडू द्यायचे त्याचा चेंडू कीपर पुढे येऊन घ्यायचा. शेवटी बोर्डाला जाग आली. जिल्ह्याजिल्ह्यांत माणसं पाठवायची, विशीच्या आतली पोरं हुडकायची आणि पाऊस सरला की त्यांना मुंबईत ठेवून शिकवायचं, असं ठरलं. तेव्हा त्याच टीममधल्या हारुनने आपणहून छाती फुगवून रेग्यांना सांगितलं होतं, "साहेब, रत्नागिरीला या. माझ्या घरात एक पोर आहे." गुलाम रसूलचा इसाक तेव्हा सतरा वर्षांचा होता, आणि हारुनने त्याचा चेंडू स्वतः कधी खेळून पाहिला नव्हता. उन्हाळ्यात घरी आल्यावर तो खेळून पाहिला, आणि तिथेच घोडं अडलं.

भाट्याच्या वाळूत, सुकतीला, ओहोटीच्या वेळी, दोघेच होते. ओल्या वाळूत चेंडू उसळत नाही, सरपटत जातो. तिथेच लहानाचा मोठा झालेल्या पोराने मग काय शिकावं? चेंडू थेट दांडीच्या बुंध्यात घालायला शिकला होता तो. हारुन चाळिशी ओलांडलेला, देशासाठी खेळलेला, आत्ताही टीममध्ये असलेला बॅट्समन. त्याला चेंडू दिसत होता, पण बॅट खाली येईपर्यंत दांडी गेलेली असायची. पुन्हा पुन्हा तेच झालं. थोड्या अंतरावर इसाकची आई साबेरा वाळूतून तिसऱ्यांचे शिंपले वेचत होती. तिने एकदा मान वर केली आणि लगेच खाली घातली. हारुनला दांडी गेल्याचं जेवढं लागलं नाही, तेवढं ते मान खाली घालणं लागलं. घरी येऊन तो कुणाशी काही बोलला नाही, साबेराही बोलली नाही.

त्यात सकाळी बंदरावर उतरताच रेगेसाहेब त्याच्या कानाशी लागले होते. "पोराला बघतोच, हारुन. पण त्याच्यासमोर तूच बॅट घेऊन उभा राहा. समितीत चार लोक तुझ्या डोळ्यांविषयी बोलतायत. एका खेपेत दोन्ही कामं होतील." म्हणजे पोराची परीक्षा आणि काकाची परीक्षा एकाच चटईवर. एक पास झाला की दुसरा नापास, हे रेग्यांना ठाऊक नव्हतं. हारुनला होतं.

तर जेवण आटोपत आलं, आमरसाच्या वाट्या आल्या, आणि रेग्यांनी सहज विचारलं, की बाबा रे, तू एवढ्या लांबच्या गावचा, तुला पहिला हात कुणी दिला? आता हा प्रश्न होडेकरांच्या पडवीत विचारायचा म्हणजे काय. आप्पा सुर्व्यांची गोष्ट त्या घरात भिंतींनासुद्धा पाठ होती. दर ईदला शिरखुर्मा झाला की पोरं हारुनभोवती कोंडाळं करायची आणि तो ती रंगवून सांगायचा. आप्पा सुर्वे बंदरावर कारकून, उभ्या जिल्ह्यात त्यांच्यासारखा बोलर नव्हता, आणि हारुनला बॅट धरायला शिकवली ती त्यांनीच. मुंबईची माणसं एकदा आप्पांना न्यायला म्हणून आली. आप्पांनी बोलिंग टाकायची, समोर त्यांचाच चेला हारुन. आणि हारुनने त्या दिवशी उस्तादाला असं धुतलं की चेंडू शोधायला पोरं माडांत फिरत होती. खेळ संपल्यावर आप्पांनी आपली टोपी काढून हारुनच्या डोक्यावर ठेवली आणि मुंबईकरांना म्हणाले, मला नेऊ नका, ह्याला न्या. आप्पा शेवटपर्यंत बंदरावरच राहिले. दर वेळी इथे हारुनचा आवाज भरून यायचा आणि पोरं गप्प व्हायची.

आज हारुनने ती गोष्ट सुरू केली, अगदी तशीच, आणि माडांपर्यंत यायच्या आधी थांबला. पाणी प्यायला. मग म्हणाला, "आप्पांचा चेंडू मला दिसत होता, साहेब. मनात आणलं असतं तर धुऊन काढला असता. पण चार पाहुण्यांसमोर उस्तादाची फजिती करायची? मी बॅट आडवी धरली आणि नुसता थोपवत राहिलो. आप्पांनी ते ओळखलं. म्हणाले, खेळ मागाहून येतो, ज्याला अदब आहे त्याचंच पुढे होतं."

एवढं बोलून त्याने वाटी तोंडाला लावली.

गुलाम रसूलचा हात ताटातच थांबला. आतल्या दारामागे हारुनची बायको नसीमा उभी होती, तिच्या बांगड्या वाजल्या आणि वाजायच्या थांबल्या. इसाक साहेबांच्या हातावर पाणी घालत होता. त्याने एकदा हारुनकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, नीट समजून घेण्याची धडपड होती. मग त्याने तांब्या खाली ठेवला. एकाच्याही तोंडून निघालं नाही की भाई, हे असं नव्हतं. पाहुण्यासमोर घरातल्या मोठ्या माणसाचा शब्द खोडायचा ही त्या घराची रीतच नव्हती, आणि हारुनला हे पक्कं माहीत होतं. माहीत होतं म्हणून तर बोलला.

रेगेसाहेब म्हणाले, "वा, काय माणसं होती."

कातळावरच्या मैदानात गुलाम रसूलने आपल्या खलाशांकरवी जागा तयार करून घेतली होती. खळं करतात तशी चोपून, शेणाने सारवून, वर तालुक्याच्या टीमची चटई. दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर हारुन पॅड बांधून उभा राहिला. इसाक लांबून पळत आला, त्याच सुंदर पळण्याने, आणि हात वर गेल्यावर शेवटच्या क्षणी त्याने खांदा ढिला सोडला. चेंडू आला तो पाहुण्याला पान पुढे करावं तसा. हारुनने तो कव्हरमधून मारला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पुढचाही तसाच, त्याच्या पुढचाही.

हारुनला पहिल्याच चेंडूला कळलं होतं. त्या क्षणी बॅट खाली टाकून "इसाक, नीट टाक रे" एवढं म्हणायला काय लागत होतं? जीभ होती, आवाज होता. पण बॅटच्या मधोमध चेंडू लागल्याचा तो आवाज त्याला किती महिन्यांनी ऐकू येत होता, आणि साहेब मान डोलवत होते. तो मारत राहिला. मग गावातली दोघं-तिघं बॅट घेऊन आली, त्यांनाही इसाकने हळूच टाकलं. बडे अब्बांना हळू आणि गावच्या पोरांना जोरात, असं केलं तर साहेबांना कळल्यावाचून राहील का? पोराने तेवढाही विचार केला होता. सतरा वर्षांच्या पोराने चुलत्याची अब्रू झाकायला आपली सगळी दुपार घालवली, आणि चुलता टाळ्या घेत होता.

चहाच्या वेळी रेगेसाहेबांनी निकाल सांगितला. पोरगा गुणी आहे, पळतो छान, पण वेग नाही. दोन वर्षं जाऊ देत, मग बघू. आणि हारुनच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, की समितीला मी सांगतो, अजून एक हंगाम ह्याला कुणी हात लावू नका.

दोन वर्षं म्हणजे काय ते साहेबांना कुठून कळणार? पोराची निवड झाली नाही तर पावसाळ्यानंतर त्याला गलबतावर घ्यायचं, हे गुलाम रसूलने आधीच ठरवलं होतं. आणि एकदा खलाशी झालेला पोर दोन वर्षांनी चेंडू टाकायला परत येत नाही. पण गुलाम रसूलच्या चेहऱ्यावर खंत म्हणून नव्हती. साहेब विश्रामगृहावर गेल्यावर तो भावाजवळ येऊन हळूच म्हणाला, "भाई, अल्लाने लाज राखली."

ही लाज कुणाची, हे हारुनने विचारलं नाही. मशिदीत जायचं निमित्त करून तो निघाला तो खाडीच्या कडेने चालत राहिला. नमाजाआधी वजू करायला बसायचासुद्धा त्याला धीर होईना.

सकाळी साबेरा स्वतः चहा घेऊन पडवीत आली. जेठाशी ती कामापुरतं बोलायची, तेही नसीमाच्या आडून. आज पदर डोक्यावर नीट घेऊन ती खांबाजवळ उभी राहिली आणि सरळ त्याच्याकडे बघून बोलली.

"भाईजान, तुमची ती गोष्ट इसाकला बाराखडीच्या आधी आली. माझ्या मांडीवर बसून ऐकायचा. काल मी त्याला विचारलं, असं का टाकलंस रे? तर म्हणाला, बडे अब्बांनी शेवट बदलला, म्हणजे त्यांना तसंच हवं असणार."

हारुनने कप बशीत ठेवला.

"मी त्याला म्हटलं, तू वेडा आहेस. तर मलाच म्हणतो, अम्मी, तू त्यांना काय बोलू नको, त्यांना आधीच वाईट वाटत असेल." साबेराने पदर पुन्हा सावरला. "मी बोलणार नव्हते. पण त्याने रात्रभर कूस बदलली, आणि आई म्हणून मला राहवलं नाही."

आतून नसीमा आली ती तणतणतच. पोराचं वय आहे, दोन वर्षांनी काय बिघडतं, ह्यांचं मात्र हे शेवटचं आहे, त्यांनी ह्या घरासाठी काय केलं नाही गो, असं तिचं सुरू झालं. आणि खोटं काही नव्हतं त्यात. घरावरची कौलं हारुनच्या मुंबईच्या नोकरीची, गुलाम रसूलच्या गलबताचं नवं शीड हारुननेच आणलेलं. गुलाम रसूलही बाहेर आला आणि बायकोवर उखडला, की मोठ्यांसमोर बोलायची ही काय पद्धत, भाईंनी काय चुकीचं केलं? साबेरा एकटी पडली. तिने नवऱ्याकडे बघितलं, जावेकडे बघितलं आणि कपबशी उचलून आत गेली.

आपल्या बाजूने दोघं बोलतायत आणि दोघंही चुकतायत, याच्याइतकं लाजिरवाणं दुसरं काही नसेल. हारुनला त्या घडीला कुणीतरी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. पण त्या घरात त्याला मारणारं कुणी उरलं नव्हतं. आप्पा सुर्वे असते तर त्यांनी मारली असती, आणि मग पाठीवर हातही फिरवला असता.

दुपारी बोटीची वेळ झाली. हारुनने खुंटीवरची बॅट काढून काखेत मारली आणि कोपऱ्यातली एक दांडी घेतली. नसीमाने विचारलं, "अहो, बंदरावर बॅट कशाला?" तो म्हणाला, येताना काम आहे. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि दारातच बसून राहिली. इतक्या वर्षांचा संसार, तिला काय ते कळलं होतं.

मांडवीला सुकती लागली होती, काळी वाळू लांबवर उघडी पडली होती. बोट अजून भगवतीच्या टोकाआड होती. बोटीपर्यंत होडी नेणारे पडाववाले उतारूंना हाका मारत होते. इसाक साहेबांची ट्रंक डोक्यावरून उतरवत होता, गुलाम रसूल साहेबांना आंब्याच्या करंडीचं काहीतरी समजावत होता. हारुनने दांडी वाळूत रोवली, बॅट घेऊन समोर उभा राहिला आणि खिशातला चेंडू इसाककडे फेकला.

"साहेब, बोट वळसा घेऊन येईपर्यंत वेळ आहे. वाईच थांबा. इसाक, टाक."

रेगे हसले, त्यांना ती गंमत वाटली. इसाक मागे गेला, पळत आला, आणि पुन्हा खांदा ढिला. चेंडू लोळत आला. हारुनने तो बॅटने अडवला, वाकून उचलला आणि पोराकडे चालत गेला. चेंडू त्याच्या हातात दिला, पण हात सोडला नाही.

"परवा जेवताना मी साहेबांना जी गोष्ट सांगितली ती खोटी होती," तो म्हणाला. मुद्दाम मोठ्याने म्हणाला, साहेबांना, भावाला, पडाववाल्यांनाही ऐकू जाईल असं. "आप्पांना मी धुतलं होतं. एक चेंडू सोडला नव्हता. आणि त्यांनी मला जवळ घेतलं, स्वतःची टोपी दिली, माझ्याऐवजी ह्याला न्या म्हणाले. इसाक, तुला खरा शेवट माहीत आहे. घरात सगळ्यांना माहीत आहे. मी घाबरलो म्हणून बदलला."

गुलाम रसूल पुढे आला. "भाई, पुरे. काय हे चारचौघांत."

"चारचौघांतच खोटं बोललो ना मी."

इसाक खाली वाळूकडे बघत होता. खूप हळू म्हणाला, "बडे अब्बा, तुमची दांडी जाईल."

"जाऊ दे. तुझ्या हातून गेली तर घरातच राहील. थंडीत परदेशी पोरांच्या हातून गेली तर ब्रेबर्नवर सगळा देश बघेल, आणि तू तेव्हा कुठल्यातरी गलबतावर दोर ओढत असशील."

हारुन परत जाऊन उभा राहिला. इसाक मागे गेला, आधीपेक्षा बराच मागे, जिथे वाळू कोरडी होती तिथपर्यंत. हारुनने मनापासून खेळायचं ठरवलं होतं. लटकं हरायचं नाही, ती आणखी एक फसवणूक झाली असती. त्याने डोळे ताणून बघितलं, पाय वेळेवर टाकला, बॅट सरळ आणली. चेंडू त्याच्या आधी पोचला होता. दांडी मुळासकट निघाली आणि भेलकांडत मागे पाण्यात जाऊन पडली.

पडावातल्या उतारूंमध्ये कुणीतरी शीळ घातली. रेगेसाहेबांनी तोंडातली विडी काढली.

"काल काय झालं होतं?" त्यांनी विचारलं.

"काल तो अदबीने टाकत होता, साहेब. आणि मला ते कळत होतं."

रेगे इसाकजवळ गेले. त्याचा खांदा दाबून पाहिला, मनगट पाहिलं, घोड्याचा व्यवहार करावा तसं त्याला नीट निरखलं. पाऊस सरताच मुंबईला यायचं, राहायची सोय बोर्ड करेल, हे त्यांनी गुलाम रसूलला दोनदा बजावलं. गुलाम रसूल नुसता हो हो करत होता, पोराच्या नशिबाने हसावं की भावाच्या फजितीने रडावं, त्याला कळत नव्हतं. मग पडावात पाय टाकता टाकता साहेब हारुनकडे वळले.

"समितीला तुझं काय सांगू?"

"तुम्ही बघितलंत ते."

रेग्यांनी मान हलवली. "परवाच बोलला असतास, हारुन, तर मी तुला सलाम केला असता."

एवढंच. सलाम न करताच ते पडावात बसले. पडाव सुटला, बोटीचा भोंगा वाजला, आणि हारुन बॅट हातात धरून तसाच उभा राहिला. साहेबांनी सलाम केला असता तर त्याला तो घेता आला नसता, हे त्यालाही माहीत होतं. तरी ते लागलंच.

इसाक गुडघाभर पाण्यात शिरून दांडी शोधत होता. ती घेऊन आला, सदऱ्याच्या टोकाने पुसली आणि मोठ्या माणसाला द्यावी तशी दोन्ही हातांनी हारुनपुढे धरली. हारुनला त्या हातांकडे बघवेना. त्याने दांडी घेतली, काखेत मारली आणि घरची वाट धरली. घरी साबेरा दारातच होती. तिने इसाकचे ओले पाय बघितले, मग जेठाच्या काखेतली वाळू लागलेली दांडी बघितली, आणि आत जाऊन चहा टाकला. पहिला कप तिने हारुनलाच आणून दिला.

बकरीदला पाऊस धो धो कोसळत होता. जेवणं झाली, पोरांनी पडवीत कोंडाळं केलं आणि बडे अब्बांना गोष्ट मागितली. हारुन म्हणाला, ह्या वर्षी इसाक सांगेल. इसाकला वाटलं चेष्टा आहे, पण हारुन भिंतीला टेकून खरोखरच ऐकायला बसला. मग इसाकने सांगितली, बंदरावरचे कारकून आप्पा सुर्वे, मुंबईची माणसं, माडांत हरवलेले चेंडू, टोपी, सगळं जसंच्या तसं. गोष्ट टोपीपाशी आली तशी पोरं गप्प झाली. इसाकही थांबला. पुढे मांडवीची वाळू होती हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण तिथे जायचं तर वाटेत ती दुपार लागत होती, आमरसाच्या वाट्यांची. इसाकने चुलत्याकडे बघितलं.

हारुन खाली बघत होता.

"सांग पुढे," तो म्हणाला. "मधलं गाळू नको."